शेरा मारणारी गाळणी

मेल सर्व्हरवर ईमेल प्रमाणीकरणाची गाळणी बसवणाऱ्या माणसाची एक भाबडी समजूत असते. आपण दारात पहारा बसवतो आहोत, उद्यापासून बँकेच्या नावानं येणारी खोटी पत्रं आणि साहेबांच्या नावानं गिफ्ट कार्ड मागणारे भामटे उंबऱ्याबाहेरच राहतील, असं त्याला मनापासून वाटतं. तो ओपनडीमार्क नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतो, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला जोडतो, सर्व्हिस चालू करतो आणि समाधानानं झोपी जातो. सकाळी पहिलंच बनावट पत्र येतं. गाळणी ते तपासते, बनावट आहे असा बिनचूक निष्कर्ष काढते, पत्राच्या माथ्यावर 'डीमार्क: नापास' असं स्वच्छ लिहिते, आणि पत्र अदबीनं आत पाठवून देते. यात बिघाड काहीही नाही. कॉन्फिग फाइलीत 'रिजेक्टफेल्युअर्स' नावाचं एक कलम असतं, म्हणजे नापास झालेली पत्रं परत पाठवायची की नाही, आणि कोणी हात लावला नाही तर त्याचं उत्तर 'नाही' असतं. संशयित पत्रं बाजूला काढून ठेवण्याचंही असंच एक कलम आहे. तेही आपणहून बंदच असतं.

सरकारी कचेरीत फाइल फिरताना ज्यानं पाहिली आहे, त्याला या यंत्राची कार्यपद्धती समजावून सांगावी लागत नाही. 'पडताळणी केली असता तफावत आढळून आली. पुढील आदेशार्थ सविनय सादर.' एवढं लिहून कारकून मोकळा होतो, फाइल वरच्या टेबलावर जाते, आणि तफावत फाइलीत सुखानं नांदते. ही गाळणी असाच एक कारकून आहे. नाव गाळणीचं असलं तरी ती गाळत काही नाही, शेरा मारते. यावर हसणं सोपं आहे, आणि हसायला मुबलक जागा आहेत. तरी माझं म्हणणं असं की शेरा मारणं हेच तिचं एकमेव प्रामाणिक काम आहे. घोटाळा होतो तो आपण त्या शेऱ्याला निकाल समजतो तेव्हा. 'नापास' म्हणजे भामटा आणि 'पास' म्हणजे सज्जन, अशी जी आपली सरळसोट समजूत असते तिचे दोन्ही अर्धे चुकीचे आहेत, आणि दुसरा अर्धा जास्त महागात पडतो.

कारकुनाची नेमणूक का करावी लागली हे कळायला १९८२ सालच्या ऑगस्टपर्यंत मागं जावं लागतं. जॉन पोस्टेल यांनी ईमेल वाहून नेण्याची जी नियमावली तेव्हा लिहिली, तिच्यात पाठवणाऱ्यानं नाव सांगायचं आणि घेणाऱ्यानं ते लिहून घ्यायचं, एवढाच विधी होता. सांगितलेलं नाव खरं कशावरून, असं विचारायची सोयच नव्हती. त्यातून नाव दोनदा सांगायचं: एकदा पाकिटावर, एकदा आतल्या पत्राच्या माथ्यावर. ही दोन नावं एकमेकांशी जुळलीच पाहिजेत अशी सक्ती नाही. पाकिटावरचं नाव यंत्रं आपापसात बघतात, माणसाला दिसतं ते आतलं. आज हे ऐकून कपाळावर हात मारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की त्या वेळी जाळ्यावर विद्यापीठांची, प्रयोगशाळांची आणि लष्कराची मिळून काहीशे यंत्रं होती. तिथं खोटं नाव सांगून मिळवायचं तरी काय होतं? नकोशी पत्रं मात्र त्याही आधी सुरू झाली होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी मे १९७८ मध्ये सुमारे चारशे जणांना कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एका फटक्यात पाठवलं. जगातलं पहिलं स्पॅम म्हणून त्याची नोंद आहे. लोक चिडले, समज दिली गेली. पण थर्क यांनी नाव लपवलं नव्हतं. पत्र कंपनीच्याच यंत्रावरून, कंपनीच्याच नावानं गेलं होतं. म्हणजे आजची गाळणी त्या दिवशी असती, तर जगातल्या पहिल्या स्पॅमवर तिनं 'पास' असाच शेरा मारला असता. मी जे सांगतो आहे त्याचा पुरावा असा मुळातच हजर आहे.

पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. इनबॉक्स नावाची वस्तू बाळगणाऱ्या प्रत्येकानं ते भोगलेलं आहे. जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल असं भाकीत केलं. त्याच वर्षी इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनं पाठवणाऱ्याची ओळख कशी पटवायची हे ठरवण्यासाठी 'मारिड' नावाचा एक गट नेमला. मायक्रोसॉफ्टच्या पेटंटवरून गटात इतकी जुंपली की सप्टेंबरात तो गुंडाळावा लागला. प्रश्न मिटला नाही, समिती मिटली. त्या धुमश्चक्रीतून मेंग वेंग वाँग यांनी आदल्या वर्षी पुढं आणलेली एसपीएफ ही पद्धत मात्र तगली. कल्पना साधी आहे. डोमेनच्या मालकानं डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, सर्वांना दिसेल अशी एक ओळ लिहून ठेवायची: आमच्या नावाची पत्रं अमुक अमुक यंत्रांवरूनच निघतात. ओळीच्या शेवटी 'ऑल' असा शब्द, म्हणजे बाकीचं सगळं जग, आणि त्याच्या आधी एक चिन्ह. उणे घातलं तर बाकीचे सगळे खोटे. टिल्डा घातला तर बाकीचे बहुधा खोटे, पण घालवून देऊ नका. प्रश्नचिन्ह घातलं तर आम्हाला या विषयावर काही म्हणायचं नाही. आणि अधिक घातलं तर जगातल्या कुठल्याही यंत्रावरून आमच्या नावानं पत्र आलं तरी आमची ना नाही. हा शेवटचा पर्याय नियमावलीत अधिकृतपणे उपलब्ध आहे, आणि तो वापरणारे सापडतात.

आपली पत्रं कुठून निघतात हे ज्याचं त्याला पक्कं ठाऊक असायला हवं, तेव्हा सगळ्यांनी उणे चिन्ह वापरायला काय हरकत आहे, असं बाहेरच्याला वाटेल. हरकत एवढीच की बहुतेक संस्थांना ते ठाऊक नसतं. रोजचा पत्रव्यवहार एका कंपनीकडून, पगाराच्या पावत्या दुसरीकडून, ग्राहकांची तक्रार नोंदवल्याची पोच तिसरीकडून, दिवाळीच्या शुभेच्छा चौथीकडून, आणि नोकरभरतीची पत्रं कुणाकडून जातात हे फक्त गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या बाईंना माहीत. यातल्या प्रत्येकाला एसपीएफच्या ओळीत 'इन्क्लूड' करून घ्यावं लागतं, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात आणखी इन्क्लूड असतात. नियम असा आहे की एका पत्राच्या तपासणीत अशा विचारणा फार तर दहा. अकरावी लागली की तपासनीस हात झाडतो आणि 'कायमस्वरूपी त्रुटी' असा शेरा लिहितो. मग पत्र कितीही अस्सल असो, एसपीएफकडून त्याला पास मिळत नाही. त्यामुळे ज्या संस्थेनं ही ओळ नीट लिहायला घेतली, तिथं आमच्या नावानं बोलायचा हक्क नेमका कुणाला, यावर तिच्या इतिहासात पहिल्यांदा बैठक बसते. मार्केटिंगवाले म्हणतात पगारवाल्यांना काढा, पगारवाले म्हणतात शुभेच्छा नाही गेल्या तर दिवाळी काही थांबत नाही. अखेरीस टिल्डावर तडजोड होते. या टिल्ड्याला भ्याडपणा म्हणायची माझी तयारी नाही. स्वतःच्या घराबद्दलचं अज्ञान इतक्या अचूकपणे एका चिन्हात कबूल करण्याची सोय दुसऱ्या कुठल्या दस्तऐवजात आहे?

एवढं सगळं करून एसपीएफ तपासतं काय, तर पाकिटावरचं नाव. भामट्यानं स्वतःचं डोमेन विकत घेतलं, त्याची एसपीएफची ओळ चोख लिहिली, पाकिटावर ते नाव घातलं आणि आतल्या माथ्यावर बँकेचं, तरी एसपीएफचा शेरा 'पास' आणि तो खराही असतो.

डीकेआयएम ही दुसरी पद्धत जास्त हुशार आहे. याहूची डोमेनकीज आणि सिस्कोची तशीच एक योजना यांचं लग्न लावून २००७ मध्ये ती प्रमाण झाली. इथं पाठवणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावर आणि निवडक हेडरांवर, म्हणजे माथ्यावरच्या ओळींवर, गुप्त किल्लीनं सही करतो, आणि सही ताडून पाहायची किल्ली डीएनएसमध्ये सर्वांसाठी ठेवतो. सही मजकुरावर असल्यामुळे पत्र कुठूनही फिरून आलं तरी चालतं, फक्त वाटेत कुणी त्याला हात लावता कामा नये. आणि वाटेत हात लावण्याची हौस कुणाला नसते? विषयाच्या ओळीतली एखादी मोकळी जागा एखाद्या यंत्रानं सरळ केली तरी 'सिंपल' पद्धतीची सही मोडते, म्हणून 'रिलॅक्स्ड' नावाची दुसरी पद्धत ठेवावी लागली. कंपन्यांना तर प्रत्येक पत्राखाली 'हे पत्र गोपनीय असून चुकून आपणास मिळाल्यास नष्ट करावे' अशी तळटीप चिकटवायची सवय असते. ती चिकटवणारं यंत्र सही करणाऱ्या यंत्राच्या पुढं बसवलेलं असेल, तर सही झालेल्या पत्राला ही टीप जोडली जाते, सही मोडते, आणि पत्राची सुरक्षितता बजावून सांगणारा मजकूरच ते पत्र बनावट ठरवतो. हे दृश्य लॉगमध्ये पाहायला मिळणं दुर्मीळ नाही.

सही कितीही हुशार असली तरी किल्ली किती जाड यावर सगळं. ऑक्टोबर २०१२ मध्ये झॅकरी हॅरिस या अमेरिकन गणितज्ञाची हकिकत छापून आली. त्यांना गुगलकडून नोकरीसंबंधी एक पत्र आलं. खरं की खोटं पाहावं म्हणून त्यांनी सही तपासली, तर किल्ली जेमतेम ५१२ बिटांची. इतकी मोठी कंपनी इतकी बारीक किल्ली वापरणार नाही, तेव्हा ही आपली परीक्षाच असणार, असं समजून त्यांनी किल्ली फोडली, सर्गेई ब्रिन यांच्या नावानं लॅरी पेज यांना पत्र लिहिलं आणि स्वतःच्या वेबसाइटची तोंड भरून शिफारस केली. उत्तर आलं नाही. परीक्षा नव्हतीच. दोन दिवसांत गुगलची किल्ली मात्र गुपचूप २०४८ बिटांची झाली. हॅरिस यांच्या त्या पत्रावर त्या वेळच्या गाळणीनं बेधडक 'पास' लिहिलं असतं, आणि तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. सही खऱ्या किल्लीचीच होती.

पाकिटावरचं नाव, सही करणाऱ्याचं नाव आणि वाचणाऱ्याला दिसणारं नाव यांची सांगड घालायची, हे काम २०१२ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या डीमार्कनं अंगावर घेतलं. वाचणाऱ्याला दिसतं त्या डोमेनशी जुळणारी एक तरी गोष्ट, एसपीएफ किंवा डीकेआयएम, पास झाली पाहिजे. आणि नापास झाल्यास काय करायचं तेही डोमेनच्या मालकानंच लिहून ठेवायचं: काही करू नका, बाजूला ठेवा, किंवा परत पाठवा. रचना म्हणून ही खरोखर देखणी आहे. पण तिच्यातली गंमत पाहा. एसपीएफनं शेरा मारून डीमार्ककडे पाठवला. डीमार्कनं मालकाला विचारलं. मालकानं लिहून ठेवलंय 'काही करू नका, फक्त कळवा'. मालकानं समजा 'परत पाठवा' असं ठणकावून लिहिलं, तरी ती विनंतीच समजायची; मानायची की नाही ते घेणाऱ्या सर्व्हरनं ठरवायचं. आणि घेणाऱ्या सर्व्हरवरच्या गाळणीचं मूळ उत्तर आपण वर पाहिलंच. इतक्या हातांतून फिरून निर्णय शेवटी जिथं येऊन थांबतो ती जागा म्हणजे सकाळी चहा पिता पिता मोबाइल चाळणारा माणूस, ज्याला यातला एकही शेरा दिसत नाही.

आता प्रत्यक्ष कॉन्फिग फाइलीकडे वळू, कारण सर्वांत खरा विनोद तिथं आहे. पोस्टफिक्सला या गाळण्या 'मिल्टर' म्हणून जोडतात. ही जोडणीची पद्धत सेंडमेल या दुसऱ्या मेल सर्व्हरसाठी निघाली आणि पोस्टफिक्सनं नंतर स्वीकारली. एका ओळीत सगळ्या मिल्टरांचे पत्ते लिहायचे असतात, बहुतेक जण ८८९१ वर ओपनडीकेआयएम आणि ८८९३ वर ओपनडीमार्क ठेवतात, आणि ओळीतला क्रम हाच कामाचा क्रम. क्रम उलटा लिहिला तर सही तपासण्यापूर्वीच अंतिम शेरा होतो. ओपनडीमार्क समोर आलेल्या कागदांत सहीचा शेरा शोधतं, सापडत नाही, आणि एसपीएफही जुळलं नसेल तर निर्मळ मनानं नापास करतं. मग मिल्टर बंद पडला तर काय, हे विचारणारं एक कलम आहे. त्याचं मूळ उत्तर 'नंतर या' असं आहे, आणि इंटरनेटवरच्या जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शनात ते बदलून 'येऊ द्या' करायला सांगितलेलं असतं. कारकून रजेवर असेल तर फाइल बिनशेऱ्याची मंजूर, हे तत्त्व इथं सॉफ्टवेअरात उतरलेलं पाहून आपलेपणा वाटतो.

याहून नाजूक मामला शेऱ्यांच्या खोटेपणाचा आहे. गाळणी आपले निष्कर्ष 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' नावाच्या हेडरमध्ये लिहिते. पण हेडर लिहायला कुणाला बंदी नाही. भामटा पत्र पाठवतानाच तुमच्या सर्व्हरच्या नावानं 'एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास' असा तयार शेरा चिकटवून पाठवू शकतो, म्हणजे तपासणीचा अहवाल आरोपीच सोबत घेऊन येतो. यावर उपाय असा की दारात आलेल्या पत्रावर आपल्या स्वतःच्या नावाचा शेरा आधीच असेल तर तो खरवडून टाकायचा आणि मगच नवा मारायचा. त्यासाठी सर्व्हरला आपलं स्वतःचं नाव काय हे ठाऊक असावं लागतं, आणि ते सगळ्या फाइलींत एकसारखं लिहिलेलं असावं लागतं. एका फाइलीत 'मेल' आणि दुसरीत 'एमएक्स' असं नाव पडलं की गाळणी स्वतःच्याच धाकट्या भावाचा शेरा ओळखत नाही.

आणि ज्या शूर प्रशासकानं पहिल्याच दिवशी 'रिजेक्टफेल्युअर्स' चालू केलं, त्याच्या वाट्याला येणारा अनुभव वेगळाच. गाळणी येणारी आणि जाणारी पत्रं असा भेद आपणहून करत नाही. ऑफिसातला माणूस घरून, पासवर्ड देऊन, रीतसर पत्र पाठवतो. गाळणी बघते: पत्र ऑफिसच्या नावाचं, पण आलंय कुठल्यातरी ब्रॉडबँडच्या पत्त्यावरून, आणि सही अजून व्हायची आहे. नापास. स्वतःच्या डोमेनचं धोरण कडक असेल तर थेट परत. बाहेरचा एकही भामटा अडण्यापूर्वी आपलीच माणसं दारात अडतात. पासवर्ड देऊन आलेल्यांना तपासू नये असं सांगणारं एक कलम आहेच, पण तेही आधी बंद असतं आणि ते सापडेपर्यंत तासभर तरी जातो. तेवढ्या वेळात कचेरीत प्रशासकाच्या नावानं जे बोललं जातं, ते मात्र निखालस प्रमाणित असतं.

इथं कडक शिस्तीचे भोक्ते म्हणतील की हे सगळं आळसाचं समर्थन चाललंय. बोटचेपेपणा सोडा, सगळ्यांनी 'परत पाठवा' लिहा, सगळ्यांनी ते पाळा, प्रश्न संपला. हा प्रयोग झालेला आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या डोमेनसाठी 'परत पाठवा' हे धोरण एकाएकी लागू केलं, आणि त्याच महिन्यात एओएलनं तोच कित्ता गिरवला. कारण रास्त होतं. चोरलेल्या ॲड्रेस बुकांवरून त्यांच्या ग्राहकांच्या नावानं खोट्या पत्रांचा पूर आला होता. पण जगभर मेलिंग लिस्टा नावाची एक जुनी, सभ्य संस्था आहे. एकानं यादीला पत्र लिहायचं, यादीनं ते विषयात आपलं नाव आणि खाली आपली टीप घालून सर्वांना वाटायचं. याहूच्या माणसानं यादीला पत्र लिहिलं की ते यादीच्या यंत्रावरून निघे, म्हणून एसपीएफ जुळेना. टिपेमुळे सही मोडलेली. घेणाऱ्या सर्व्हरांनी याहूच्या आज्ञेनुसार ते परत पाठवलं. आता खरी करामत पुढं आहे. परत पाठवलं कुणी, तर जीमेलनं आणि तसल्याच इतरांनी. यादीचं सॉफ्टवेअर परत आलेली पत्रं मोजत असतं. कुणाच्या पत्त्यावरून फार पत्रं परत आली तर तो पत्ता बंद पडला असं धरून त्याचं नाव काटतं. त्यामुळे याहूवाल्यानं चार पत्रं लिहिली, आणि जीमेलवाल्या निरुपद्रवी सभासदांची नावं यादीतून उडाली. गुन्हा कुणाचाच नव्हता. शिक्षा तिसऱ्याला झाली.

याद्यांनी त्यावर काढलेला तोडगा मला विशेष आवडतो. पत्राच्या माथ्यावरचं लेखकाचं नाव काढून यादीनं तिथं आपलाच पत्ता घालायचा, 'अमुक, यादीमार्फत' असा. म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव कुणी बदलू नये म्हणून जी यंत्रणा उभारली, तिच्यातून पार पडायला सज्जनांनी पाठवणाऱ्याचं नाव बदलायचं. पुढं २०१९ मध्ये एआरसी नावाची आणखी एक पद्धत प्रायोगिक म्हणून आली: मधल्या प्रत्येकानं 'माझ्या हाती आलं तेव्हा पत्र शाबूत होतं' असा शिक्कामोर्तब केलेला शेरा जोडायचा. त्यातल्या कुणाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा हे मात्र घेणाऱ्यानं पाहायचं. शेऱ्यावर शेरा, आणि निर्णय पुन्हा वरच्या टेबलावर.

शिस्तवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही हे मान्य केलं पाहिजे. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं ऑक्टोबर २०१७ मध्ये संघीय संस्थांना वर्षभरात 'परत पाठवा'पर्यंत यायचा हुकूम काढला, आणि त्यानं आकाश कोसळलं नाही. करवसुली खात्याच्या पत्त्यावरून कुणी मेलिंग लिस्टेवर गप्पा मारत नाही, आपली पत्रं कुठून जातात हे खात्याला शोधून काढता येतं, तिथं कडकपणा शोभतो. पण जिथं कोट्यवधी परक्या माणसांची पत्रं हाताळायची आहेत तिथले बलाढ्य लोक काय करतात ते पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं, दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीची केली. जगभर धावपळ झाली, सल्लागारांची दिवाळी झाली. आणि डीमार्कच्या धोरणाबद्दलची अट नेमकी काय होती? धोरण लिहिलेलं असलं पाहिजे. 'काही करू नका' असं लिहिलं असलं तरी चालेल. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त पत्रं येतात त्यांनाही ठणकावून मागता आला तो शेराच.

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त वजनदार आहे: असं असेल तर या खटाटोपाचा उपयोग काय? भामटा तर तिन्ही परीक्षा पहिल्या श्रेणीत पास होतो. हे खरंच आहे. काहीशे रुपयांत बँकेच्या नावासारखं दिसणारं डोमेन मिळतं, त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क बसवणं हे त्याच्या धंद्याचंच काम असल्यामुळे तो ते मन लावून करतो. उणे चिन्ह घालायला त्याला कुणाची बैठक बोलवावी लागत नाही. उलट गावातली सहकारी पतसंस्था, जिचा सर्व्हर कुणाच्या तरी भाच्यानं कधीतरी लावून दिला आहे, ती नापास होते. त्यात मोबाइलवरच्या ॲपांत सहसा पत्ता दिसत नाही, फक्त नाव दिसतं, आणि त्या नावाच्या जागी 'मुख्य कार्यकारी अधिकारी' लिहिलं काय किंवा 'आई' लिहिलं काय, तिन्हीपैकी एकही पद्धत त्याकडे ढुंकून पाहत नाही. या सगळ्यावर माझं उत्तर एवढंच की तहसील कचेरीतला रहिवासी दाखला हातात घेऊन हा माणूस चारित्र्यवान आहे असं कुणी म्हणत नाही. दाखला सांगतो की हा अमुक गावचा. त्या गावाबद्दल तुमचं मत काय ते तुम्ही ठरवा. पण गावच माहीत नसेल तर मत बनणारच कसं? भामट्याच्या डोमेनवर त्याची स्वतःची अस्सल सही असते, म्हणूनच ते डोमेन पकडता येतं, काळ्या यादीत टाकता येतं, आणि त्यानं केलेलं पाप बिचाऱ्या बँकेच्या खात्यावर चढत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये भारतातल्या बँकांना 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली यायला सांगितलं, ते याच विचारानं. नाव तपासण्याला अर्थ यायचा तर कुठलं नाव बँकेचं हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. ते काम गाळणीचं नाही.

शेऱ्याला कमी लेखणाऱ्यांनी २०१६ ची एक गोष्ट आठवावी. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांची, जॉन पोडेस्टा यांची पत्रं विकिलीक्सनं उघड केली, तेव्हा मजकूर बनावट असू शकतो असं म्हणून हात झटकायची सोय होती. पण त्यातल्या अनेक पत्रांवरच्या डीकेआयएम सह्या ताडून पाहता आल्या आणि जुळल्या. स्पॅम अडवायला केलेली सही चोरीच्या मालाची अस्सलता सिद्ध करायला उपयोगी पडली. २०२० मध्ये मॅथ्यू ग्रीन या संकेतशास्त्राच्या प्राध्यापकांनी तर गुगलला जाहीर विनंती केली की जुन्या गुप्त किल्ल्या ठराविक काळानं जगजाहीर करा, म्हणजे जुनी सही कुणीही करू शकेल आणि जुन्या पत्रांबद्दल 'हे माझं नव्हेच' असं म्हणायची माणसाला मुभा राहील. शेरा खोटा ठरावा अशी मागणी विद्वानांनी करावी, यापेक्षा शेऱ्याच्या ताकदीची मोठी पावती कोणती?

राहता राहिले ते अहवाल. डीमार्कच्या ओळीत एक पत्ता देता येतो, आणि मग जगभरचे मोठे मेलवाले त्या पत्त्यावर रोज एक दाबून बांधलेली एक्सएमएल फाइल पाठवतात: तुमच्या नावानं कालच्या दिवसात कुठल्या यंत्रावरून किती पत्रं आली, किती पास, किती नापास. 'काही करू नका' या धोरणाचं सगळं समर्थन याच अहवालांवर उभं आहे. आधी पाहा, मग कडक व्हा. फाइली रोज येतात आणि एका स्वतंत्र फोल्डरमध्ये जाऊन पडतात. आपल्या सर्व्हरवरही अहवाल पाठवायची सोय चालू केली, तर आपलाही अहवाल एक पत्र म्हणूनच निघतो, समोरच्याच्या दारात त्याच्याही तिन्ही तपासण्या होतात, आणि आपली सही नीट नसेल तर बनावटगिरीची खबर देणारं पत्रच बनावट म्हणून बाजूला पडतं. हे अहवाल वाचून सांगणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत, तेव्हा पत्ता त्यांचा दिला तर आपली कटकट वाचते. पण कुणीही उठून परक्याचा पत्ता देऊन त्याच्यावर फाइलींचा मारा करील, हे नियम लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून अहवाल दुसऱ्या डोमेनकडे पाठवायचा असेल, तर त्या दुसऱ्या डोमेननं आपल्या डीएनएसमध्ये आणखी एक ओळ लिहून ठेवावी लागते, की यांच्याबद्दलच्या तक्रारी स्वीकारायला आमची संमती आहे. ती ओळ नसेल तर अहवाल जात नाही, आणि गेला नाही हे कळवायची तरतूद केलेली नाही.